अकरा नंबर रिकामा

६ जानेवारी

ही वही मामीने दिली. दोन दिल्या, एक इतिहासाची आणि एक माझी. म्हणाली, "दोन्हींची खिचडी करू नकोस." ही माझी आहे, म्हणजे इथे काहीही लिहिलं तरी चालेल.

आई म्हणते माझ्या पायाला भिंगरी लागली आहे, आणि त्यावरून घरात मला सगळे भिंगरीच म्हणतात. चांगल्या दाढी आलेल्या माणसाला हे नाव शोभत नाही, पण आता दुसऱ्या कशाला ओ देणंही जमणार नाही. गेल्या महिन्यापर्यंत मी बोटींना रंग देत होतो. रंगाच्या वासाने डोकं भणभणायचं, म्हणून सोडलं. त्याआधीचं का सोडलं ते आठवत नाही.

तर काम असं आहे. माझे मामा विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक आहेत. आधी त्याच संघातून खेळले, मग तिथेच शिकवायला लागले. मला दात यायच्या आधीपासून ते तिथेच आहेत. या संघाचा इतिहास कुणी लिहिलेला नाही. मामा सांगणार आणि मी लिहिणार.

मी मामीला म्हटलं, "अगं, मी शेवटच्या परीक्षेला दोनदा बसलो आणि दोनदा उठलो. विद्यापीठात शिकलेली माणसं संपली का?"

"शिकलेल्यांना वेळ नसतो. आणि तुझं अक्षर बरं आहे," ती म्हणाली. "एकच अट आहे. हंगाम संपेपर्यंत त्यांची पाठ सोडायची नाही. घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंत. त्यांना कधी काय आठवेल, सांगता येत नाही."

बरोबर आहे. लेखकाने असंच करायचं असतं म्हणे.

९ जानेवारी

डोक्याचा पार भुगा झालाय.

हॉल छान आहे. जमीन लाकडी, त्यावर बुटांचा चुंई चुंई आवाज आणि सगळीकडे घामाचा आणि मेणाचा वास. मामा गळ्यात शिट्टी अडकवून मधल्या रेषेवर उभे राहतात. शिट्टी फार वाजवत नाहीत, नुसती तोंडाजवळ नेली तरी पोरं थांबतात. मी बाकाच्या टोकाला वही घेऊन बसलो.

मामा म्हणाले, "लिही. तुझ्या जन्माआधी बगळ्याने सलग तीन हंगाम सगळ्यात जास्त गुण केले."

लिहिलं.

थोड्या वेळाने म्हणाले, "त्या वर्षी आपण मार खाल्ला, कारण बगळ्याला चेंडू धरताच येत नव्हता."

तेही लिहिलं. मग मामा एकदम ओरडले, "बगळ्या, गुडघे वाकव!" आणि एक ठेंगणा, गोलमटोल पोरगा गुडघे वाकवून उभा राहिला. मी म्हटलं, याने माझ्या जन्माआधी गुण कुठून केले?

सराव संपल्यावर कर्णधाराने खुलासा केला. कर्णधार म्हणजे नुसती काडी. हात पुढे करून म्हणाला, "मी पहिलवान."

मला हसू आवरेना.

"हसून घे. आमच्याकडे जर्सी वारशाने मिळते, नावासकट. चार नंबर मिळाला की पहिलवान व्हावं लागतं. पहिला चार नंबर खरंच आडदांड होता. सहा नंबर म्हणजे बगळा. पहिल्या बगळ्याचे पाय लांब होते म्हणतात."

"आणि हा?"

"हा उडत नाही, पण दाणे बरोबर टिपतो."

"काडीपहिलवाना, ऐकू येतंय मला!" बगळा पाणी पिता पिता ओरडला.

म्हणजे आजवर बगळे होऊन गेले किती, देव जाणे. मी सगळ्या नंबरांची नावं विचारून लिहून घेतली. अकरा नंबर म्हणजे पोपट. पण शेवटचा पोपट गेल्या वर्षी पदवी घेऊन भुर्र झाला, यंदा अकरा नंबर रिकामा आहे. इतिहासकाराला असले बारकावे माहीत पाहिजेत.

१३ जानेवारी

आज मामा रंगात होते. संघाचा जन्म कसा झाला ते सांगितलं. क्रीडा विभागाने फुटबॉल मागवले होते आणि खोक्यातून निघाले बास्केटबॉल. परत पाठवायचा कंटाळा, म्हणून भूगोलाच्या एका प्राध्यापकांनी दोन खांबांना कड्या ठोकल्या. पहिल्या वर्षी एकही सामना जिंकले नाहीत. एका सामन्यात तर आपल्याच कडीत चेंडू टाकून पोरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या.

तेव्हा हॉल नव्हता. पोहण्याचा एक तलाव कोरडा पडला होता, त्यावर फळ्या टाकून कोर्ट केलं. एका कोपऱ्यात खालची तुळई कुजलेली, तिथे चेंडू आपटला की मेलाच, वर येतच नसे. घरच्या पोरांना ते ठाऊक. पाहुण्या संघाला गोड बोलून, रेटत रेटत त्या कोपऱ्यात न्यायचे. मामा म्हणाले, "आमची सगळी रणनीती म्हणजे ती कुजकी तुळई." मी इतका हसलो की लिहायचं राहिलं, म्हणून आता इथे लिहितोय. आणि इथे लिहायचं नव्हतं. झाली खिचडी.

पण एक अडचण आहे. पहिला मोठा करंडक जिंकला तो सामना मामा रोज सांगतात आणि रोज वेगळा सांगतात. सोमवारी शेवटचा चेंडू पोपटने टाकला. काल मामांनी स्वतः टाकला. आज तो सामना पावसामुळे झालाच नाही. मी म्हटलं, "मामा, एक काहीतरी ठरवा." तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो सामना हरवलाय.

मला या खेळातलं कळत नाही, म्हणून असं होत असेल.

१९ जानेवारी

मामांची शिकवायची पद्धत न्यारी आहे. आज हॉलकडे न जाता त्यांनी भलतीच गल्ली धरली. मी वही घेऊन मागे मागे. जुन्या इमारतीच्या मागच्या दाराशी गेलो. मामांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक किल्ली लावून बघत बसले. मग दारावर थाप मारली. "कुलूप कुणी बदललं? पोरं आत थांबलीत."

दार एका धोबिणीने उघडलं. आत वाफ आणि चादरींचे ढीग. हाच तो जुना तलाव, आता तिथे वसतिगृहांचे कपडे धुतात.

"कोण पाहिजे काका?" ती म्हणाली.

मामा बराच वेळ चादरींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "काही नाही. पोराला जागा दाखवत होतो."

जागा दाखवायची तर अशी! मला तर खरंच वाटलं होतं की आत संघ थांबलाय. हॉलवर उशिरा पोचलो. मी पहिलवानाला ही गंमत सांगितली, तर तो हसला नाही. बगळ्याकडे बघितलं, बगळ्याने बुटाची नाडी सोडून परत बांधली.

"उद्यापासून मी येतो घरी, सोबत जाऊ," पहिलवान म्हणाला.

"माझ्या वहीत ढवळाढवळ करायची नाही हं."

"तुझी वही तुलाच लखलाभ."

या पोरांना इतिहासाची काही किंमत नाही.

२७ जानेवारी

मधले दिवस सराव, सराव, सराव. चेंडूचा ठप ठप आवाज झोपेतही ऐकू येतो.

आज बोटींवरच्या दोस्ताचा फोन आला. तो आता सर्कशीचे तंबू घेऊन फिरणाऱ्या ट्रकवर आहे. माणूस कमी आहे, येतोस का म्हणाला. सर्कस! माझे तळपाय खाजायला लागले. मामीला सांगितलं, इतिहास काय, पळून जात नाही.

मामी भांडी पुसत होती, ती थांबली.

"भिंगरी, हे एवढं नको करूस. क्रीडा विभागाच्या संचालकांना नवा माणूस आणायचाय. ते ह्यांच्या चुकीची वाटच बघतायत. एक मोठी चूक झाली, की ह्यांना घरी बसवतील. ह्यांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही, आता एवढंच मागितलंय, की हा शेवटचा हंगाम बाकावर बसून पुरा होऊ दे. मग मी स्वतः सोडतो, म्हणाले."

"पण मामा कशाला चुकतील? संघ तर जिंकतोय."

"तू फक्त शेजारी बस," ती म्हणाली.

वय झालं की माणसं अशी उगाच धास्तावतात. बसेन म्हटलं. दोस्ताला सांगितलं, अंतिम सामन्याच्या सुमाराला ट्रक निघेल तेव्हा कळव.

२ फेब्रुवारी

इतिहासाच्या वहीत आज एक छान परंपरा लिहिली. या संघात मामांशी बोलायला आलं की आधी आपला नंबर, नाव आणि जागा सांगायची. "सर, सहा नंबर, बगळा, डावी बाजू." मग पुढचं. पाणी मागायचं असलं तरी. अगदी लष्करी शिस्त.

परंपरा किती जुनी ते कळावं म्हणून धाकट्या सरांना विचारलं. धाकटे सर म्हणजे मामांचे मदतनीस, तेही पूर्वी या संघातलेच, आताच्याच्या दोन पिढ्या आधीचे पहिलवान.

"ही कधी सुरू झाली?"

"यंदाच."

"कुणी सुरू केली?"

"पोरांनी." आणि जाळ्या आवरायला निघून गेले.

यंदाची असेल तर परंपरा कशी म्हणायची? खोडावं की राहू द्यावं? सगळा गोंधळच आहे. राहू दिलं.

११ फेब्रुवारी

उपांत्य सामना. जिंकलो, पण मला काही सुचत नाहीये. जसं झालं तसं लिहितो.

हॉल गच्च भरला होता. समोरच्या संघात एक लांबडा होता, हात वर केला की कडीलाच टेकायचा. आपली आघाडी हळूहळू संपली. मामांनी टाइमआउट घेतला. पोरं गोल करून उभी राहिली, मीही वही घेऊन घुसलो. मामांनी फटाफट सगळ्यांच्या जागा सांगितल्या आणि म्हणाले, "पोपट, तू लांबड्याला धर. त्याला उजवीकडे वळू द्यायचं नाही."

कुणीच पुढे आलं नाही.

"पोपट कुठाय?"

पहिलवानाच्या नाकावरून घाम गळत होता. "सर, पोपटचा घोटा मुरगळलाय. मी धरतो लांबड्याला."

"कधी मुरगळला?"

"सकाळी, सर."

"मग मला कुणी सांगत कसं नाही!"

"चुकलं, सर."

काडीपहिलवानाने लांबड्याला असा धरला की विचारू नका. उजवीकडे वळूच दिलं नाही. जिंकलो. हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी, मीही.

मग संचालक खाली आले. सगळ्यांशी हात मिळवले. माझ्याही पाठीवर थाप मारली. "काय इतिहासकार, कसं काय चाललंय?"

इतका मोठा माणूस मला इतिहासकार म्हणाला. मला आपलं वाटलं, काहीतरी गमतीचं सांगावं. म्हटलं, "साहेब, आज मामांची जाम गंमत झाली. पोपटला उठवत होते! यंदा पोपटच नाही, अकरा नंबर रिकामा आहे, मी स्वतः लिहिलंय. आणि हा पहिलवान धडधडीत सांगतो, त्याचा घोटा मुरगळला. नसलेल्या माणसाचा घोटा!"

मी एकटाच हसलो. धाकट्या सरांनी डोळे मिटले. संचालकांनी मामांकडे बघितलं. मामा टॉवेलची घडी घालत होते. घातली, उलगडली, परत घातली.

"असं का," संचालक म्हणाले.

घरी येताना पहिलवान सोबत होता, पण माझ्याशी बोलला नाही. मी विचारलं, "मी काय खोटं बोललो?" तर म्हणाला, "नाही बाबा. खरंच बोललास. तुझ्याएवढा खरा माणूस शत्रूच्याही संघात नसावा."

हा टोमणा होता एवढं कळलं. बाकी काही कळलं नाही.

१३ फेब्रुवारी

आज संचालक घरी आले होते. फार नम्रपणे बोलले. अंतिम सामन्याला बाकावर धाकटे सर बसतील. मामांचा सत्कार होईल, पहिल्या रांगेत खुर्ची असेल. मामी म्हणाली, "एकच सामना राहिलाय हो." ते म्हणाले, "एकच, पण अंतिम आहे."

ते गेल्यावर मामी मला ओरडेल म्हणून मी दाराशी उभा राहिलो. ती ओरडली नाही.

"डॉक्टर पावसाळ्यातच म्हणाले होते," ती म्हणाली. "वाढत जाणार. कधी असतात, कधी नसतात. पोरांना माहीत होतं. तुलाच सांगितलं नव्हतं."

"का?"

"सांगितलं असतं तर तू थांबला नसतास."

"थांबलो असतो."

"नसतास रे," ती म्हणाली. रागाने नाही, गणिताचं उत्तर सांगावं तशी.

मी इतिहासाची वही काढून पुन्हा वाचली. तलावाची किल्ली, रोज वेगळा करंडक, नंबर सांगणारी पोरं. इतके दिवस मला वाटत होतं, मला बास्केटबॉल कळत नाही म्हणून घोळ होतोय.

१५ फेब्रुवारी

मामांची माफी मागायला गेलो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते, आणि आज अगदी लख्ख होते.

"संचालक बरोबर आहे," ते म्हणाले. "बाकावरचा माणूस चुकला की अख्खा संघ चुकतो. पोरांनी किती दिवस माझा हात धरून चालवायचं?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? पोरं सांभाळून घेतायत ते?"

"मी मूर्ख आहे का? सहा नंबर बगळा, डावी बाजू! जन्मात कुणी असं बोलतं का?"

"मग तुम्ही चिडला नाहीत माझ्यावर?"

"चिडलोय ना. पण कुणावर ते सापडेना." मग म्हणाले, "तू नव्हेस. तुला मी लहानपणापासून ओळखतो. तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही."

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आज सराव किती वाजता आहे?" मी म्हटलं, आज सुट्टी आहे. माझं पहिलं खोटं. वाईट जमलं नाही.

१८ फेब्रुवारी

दोस्ताचा फोन. ट्रक परवा सकाळी निघतोय. पिशवी भरून ठेवली. मामीने ती पाहिली आणि तिच्यावर माझा धुतलेला शर्ट आणून ठेवला. काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडून निघता आलं असतं.

माझ्यामुळे त्यांचा एक सामना गेला. आता मी थांबून तो परत येणार आहे का? नाही. मग थांबून काय करायचं? आणि जाऊन तरी काय, मला सर्कशीतलं काय कळतं? पहिलवानाला विचारलं तर म्हणाला, "मला कशाला विचारतोस, मला परवा लांबड्यासारखे अजून दोन धरायचेत." बगळा म्हणाला, "जा की. भिंगरी थांबली तर पडते." म्हणजे जा, की नको जाऊ?

२० फेब्रुवारी

हरलो. दोन गुणांनी. तेवढं आधी लिहून टाकतो.

ट्रक सकाळी गेला. मी गेलो नाही, ठरवलं असंही नाही. मामांच्या कोटाचं बटण निघालं होतं, मामी सुई शोधत होती, मी टेबलाखाली घुसून बटण शोधत होतो, आणि सापडलं तेव्हा वेळ निघून गेली होती.

सत्कार झाला. शाल, टाळ्या. पहिल्या रांगेतली खुर्ची मामांना नको होती. म्हणाले, इथून काही दिसत नाही. म्हणून आम्ही दोघं पायऱ्या चढत पार वरच्या रांगेत जाऊन बसलो. मामी खालीच थांबली, संचालकांच्या बायकोशी बोलत. आम्हाला सुटता यावं म्हणूनच, हे आज मला कळलं.

सामना सुरू झाला. मामा पुढे वाकून बघत होते. खाली धाकटे सर बाकाशी येरझारा घालत होते, हात सारखा शिट्टी नसलेल्या गळ्याशी जात होता. आपली पोरं फार चांगली खेळत होती. मला आता थोडं कळतं.

मध्यंतराच्या सुमाराला मामा माझ्याकडे वळले. चेहरा शांत, पण नजर पाहुण्यासारखी.

"चांगला संघ आहे हो," मला म्हणाले. "अहो" करून. "कोण शिकवतं यांना?"

गेल्या आठवड्यातला मी असतो तर खरं काय ते सांगून मोकळा झालो असतो. किंवा हसलो असतो.

"माझे मामा," मी म्हटलं.

"हं." त्यांनी मान हलवली. "हाडाचा माणूस दिसतो. चेंडू नसलेल्या पोरांकडे बघा, एकही उभं नाही. हे शिकवायला वर्षं जातात." मग बोट दाखवून म्हणाले, "पण त्यांना सांगा, त्या सहा नंबरचा डावा पाय ओढतोय. लपवतोय तो. बाकावरून नाही दिसायचं, समोरून धावतो ना. इथून दिसतं. बसवा म्हणावं थोडा वेळ, नाहीतर कायमचा बसेल."

मी बघितलं. मला काही ओढताना दिसलं नाही. बगळा नेहमीसारखाच लुटूलुटू पळत होता. पण उठलो, माणसांच्या पायांवरून, पिशव्यांवरून, शिव्या खात खाली पोचलो आणि धाकट्या सरांच्या कानात सांगितलं. त्यांनी वर बघितलं, मामा कुठे बसलेत ते शोधलं, आणि लगेच बदली मागितली.

बगळा बाहेर येताना चिडला होता. "कुणी सांगितलं? मी ठीक आहे!" मग बसला आणि मोजा खाली केला. घोटा पावासारखा फुगला होता.

"थोरल्या सरांनी," धाकटे सर म्हणाले.

बगळ्याने टॉवेल तोंडावर घेतला. त्याच्या जागी आलेला पोरगा नवखा होता. आपण दोन गुणांनी हरलो ते कदाचित त्यामुळे. कदाचित नाही. मला एवढं कळत नाही अजून.

सामना रंगात आला होता आणि वर जायच्या पायऱ्यांवरही माणसं दाटली होती. मला वाटलं, माझी जागा केव्हाच गेली असणार. मी कसाबसा घुसत वरच्या रांगेशी पोचलो. एक जाडजूड गृहस्थ मामांशी हुज्जत घालत उभे होते. मामांनी आपला कोट काढून माझ्या जागेवर पसरला होता आणि दोन्ही हात त्यावर ठेवले होते.

"आजोबा, कधीपासून रिकामीच आहे की ही."

"रिकामी नाही," मामा म्हणत होते. "इथे माझा भाचा बसतो. खाली गेलाय, येईल."

मी कोट उचलला आणि बसलो.